उलट टिपण

परीक्षा तिन्ही पास झाल्या होत्या, आणि तरीही ती पास नव्हती. ही गोष्ट सासूबाईंना समजावून सांगताना तिच्या नाकी नऊ आले होते.

“पास झालीस ना?”

“झाले, आई. दोन वर्षं झाली त्याला.”

“मग सनद का देत नाहीत मेले?”

“अनुभव लागतो. चार हजार तासांचा. तोही कसलाही चालत नाही. गुंतवणुकीचा निर्णय घेताना माझ्या कामाचा उपयोग झाला असं दाखवावं लागतं, आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांनी ते खरं आहे असं सांगावं लागतं.”

सासूबाईंनी जिभेने कवळी जागेवर बसवली. “म्हणजे स्वयंपाक येतो याची परीक्षा दिलीस, आता किती जण जेवून गेले तेही दाखवायचं.”

गुंतवणूक विश्लेषकाची सनद देणाऱ्या संस्थेच्या चाळीस पानी नियमावलीत एवढं सोपं वाक्य एकही नव्हतं. पुढच्या खोलीत तिचा नवरा मेणात दात रोवत बसला होता. तो कवळ्या बनवायचा. सासूबाईंच्या तोंडातली कवळीही त्यानेच केलेली होती, आणि ती जरा सैल आहे हे त्याला रोज जेवताना ऐकावं लागायचं. तो आतूनच ओरडला, “बरोबर आहे त्यांचं. तोंडात बसेपर्यंत कवळी नसतेच ती, नुसतं प्लास्टिक.”

घरात सगळ्यांनाच विनोद सुचत होते. तिला तेवढे सुचत नव्हते, कारण घोडं भलत्याच ठिकाणी पेंड खात होतं.

ती एका पेन्शन फंडात हिशेबनिसांच्या शेजारच्या खोलीत, अहवालांच्या कामावर होती. चौदा महिने. तिथे गुंतवणूक विश्लेषकाची जागा निघाली, आणि वरिष्ठ बाईंनी तिला बोलावून सांगितलं की जागा तुझीच, फक्त तीस तारखेच्या आत सनद हातात हवी. नाहीतर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल, नियम माझ्या हातात नाहीत. पेन्शन फंडातले तास मोजले तर बावीसशे भरत होते. उरलेले अठराशे तिच्या आधीच्या नोकरीतून यायला हवे होते. तिथे तिने चांगली अडीच वर्षं काढली होती, मग परीक्षांसाठी ती नोकरी सोडली होती. कागदावर बघायला गेलं तर काळजी करण्यासारखं काही नव्हतं.

आणि संस्थेने अर्ज परत पाठवला. “आधीच्या नोकरीतील काम सहायक स्वरूपाचे दिसते. निर्णयाशी संबंध स्पष्ट होत नाही. सुधारून पुन्हा सादर करावे.”

चूक तिचीच होती, आणि ती चूक त्या जुन्या ऑफिसात काम केलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. अर्जात तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: फाइली लावल्या, आकडे जमवले, टिपणं टाइप केली, सभेची तयारी केली. जे काम तिने सगळ्यात जास्त केलं होतं, ते लिहिलंच नव्हतं. ते काम आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिला ती शिक्षा वाटायची.

त्या ऑफिसात एक रीत होती. एक आड एक मंगळवारी गुंतवणूक समितीची सभा भरायची. एखाद्या कंपनीचे शेअर घ्यावेत असा प्रस्ताव कुणी आणला, की ऑफिसातल्या सर्वांत कनिष्ठ माणसाने त्याविरुद्ध एक पान लिहून आणायचं आणि उभं राहून वाचायचं. ही कंपनी का घेऊ नये. त्याला उलट टिपण म्हणायचे. वाचून झालं की समितीचे अध्यक्ष म्हणायचे, “आता बाहेर,” आणि वाचणाऱ्याने दार ओढून घेऊन बाहेर जायचं. आत मग मोठी माणसं निर्णय घ्यायची. नवीन माणूस आला की ही पीडा त्याच्या गळ्यात जायची. पण तिच्यानंतर तिथे नवीन कुणी घेतलंच नाही. त्यामुळे अडीच वर्षं ती सर्वांत कनिष्ठच राहिली, आणि सगळी उलट टिपणं तिनेच लिहिली. ऑफिसाने तिचं नाव ठेवलं नकारघंटा. ती वाचायला उभी राहिली की कुणीतरी हळूच टेबलावर पेन वाजवायचं, आणि बाकीचे हसायचे.

अशी गोष्ट अर्जात कोण लिहील?

अर्ज परत आल्यावर तिने आताच्या ऑफिसातल्या सनदवाल्याला विचारलं. हा खिडकीशेजारी बसायचा, त्याच्याकडे सनद होती, आणि ती त्याच्याकडे आहे हे तो दिवसातून तीनदा सगळ्यांच्या लक्षात आणून द्यायचा.

“अहो ताई, असं गरिबासारखं काय लिहिता?” तो म्हणाला. “मोठे शब्द वापरा. व्यवस्थापन, निवड, नेतृत्व. तिथे वाचणाऱ्याला काय कळणार आहे?”

तिने मोठे शब्द वापरले. “समभागांची निवड व व्यवस्थापन. गुंतवणूक समितीच्या कामकाजाचे नेतृत्व.” लिहिताना तिचे कान गरम झाले होते. अंगापेक्षा बोंगा मोठा झाला होता, पण तीस तारखेला तेराच दिवस उरले होते. तिने अर्ज भरला, आणि संस्थेकडून जुन्या साहेबांना, म्हणजे त्या समितीच्या अध्यक्षांना, खात्री करण्याची लिंक गेली. तीन दिवस झाले, साहेबांनी ती उघडली नाही. शेवटी रविवारी सकाळी छापील प्रत पिशवीत घालून ती त्यांच्या घरी निघाली.

या साहेबांना ऑफिसात त्यांच्या पाठीमागे पणसाहेब म्हणत. त्यांचं प्रत्येक वाक्य पणने सुरू व्हायचं. कुणी म्हणावं, साहेब, आज हवा छान आहे, ते म्हणायचे, “पण दुपारनंतर बघू.” आता ते निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत मिसळून गेली होती, आणि साहेबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती. तिसऱ्या मजल्यावर दार काकूंनी उघडलं. साहेब खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

“अगं ये ये,” काकू म्हणाल्या. “मेल आलाय तो मी दाखवला ह्यांना. पण हे म्हणतात, अनोळखी लिंकवर बोट ठेवायचं नाही.”

“पण ठेवायचंच नसतं,” साहेब म्हणाले. “कागद आणलायस?”

तिने कागद दिला. साहेबांनी कानामागची पेन्सिल काढली. निवृत्त झाले तरी पेन्सिल कानामागेच होती. ते वाचू लागले, आणि तिला अडीच वर्षांतले सगळे मंगळवार एकदम आठवले. काकूंनी आणलेला चहा तिच्या हातात निवून गेला.

“पण समितीचं नेतृत्व तर मी करत होतो,” साहेब म्हणाले. “तू करत होतीस, तर मी काय तिथे खुर्ची गरम करत होतो?”

“सर, ते तसं लिहावं लागतं.”

“पण कोण म्हणालं?”

साहेबांनी काकूंकडून कोरा कागद मागून घेतला, तो एका जाड पुस्तकावर ठेवला आणि लिहू लागले. बराच वेळ लिहीत होते. मग चष्मा वर करून म्हणाले, “उभं राहून वाचता येत नाही मला आता. बसून वाचतो.” आणि वाचलं.

“उलट टिपण. या अर्जदार बाईंना सनद का देऊ नये. एक. त्यांनी न केलेलं काम लिहिलं आहे. दोन. त्यांनी केलेलं काम लिहिलेलं नाही. तीन. जो माणूस स्वतःविषयी इतकी चुकीची माहिती देतो, तो एखाद्या कंपनीविषयी खरी माहिती देईल यावर लोकांनी का विश्वास ठेवावा? प्रस्ताव मांडणाऱ्याने लेखी उत्तर द्यावं.”

तिचा पारा चढला. गेल्या तीन वर्षांत इतका चढला नव्हता.

“सर, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे आणि तुम्ही खेळ मांडलाय. सही करायची नसेल तर तसं सांगा. केलेलं काम लिहिलं नाही म्हणता, कुठलं काम? ती टिपणं? तुमच्या समितीची करमणूक होती ती. मी वाचायचे, सगळे हसायचे, आणि मी बाहेर जायचे. त्याला अनुभव म्हणतात का?”

काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. साहेब मात्र हलले नाहीत.

“पण तू बाहेर गेल्यावर काय व्हायचं, हे तुला माहीत आहे का?”

“मला कसं माहीत असणार?”

“अगं, माझ्या डायऱ्या आण,” साहेब काकूंना म्हणाले. “निळ्या. अडीच वर्षांच्या तीन असतील.”

काकूंनी डायऱ्या आणल्या. त्यात दर सभेचं एक पान होतं, साहेबांच्या बारीक, तिरक्या अक्षरात. कोण काय म्हणालं, काय ठरलं, का ठरलं. साहेबांनी पेन्सिलीने एक ओळ दाखवली. बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी. “प्रस्ताव मागे घेतला. कारण: उलट टिपण, मुद्दा दोन.”

मुद्दा दोन तिला लख्ख आठवला. विक्री वाढली म्हणतात, पण गोदामातला माल त्याहून वेगाने वाढतोय. ती जेवणाच्या सुट्टीत स्वतः त्या गोदामापाशी जाऊन आली होती. दाराच्या फटीतून बघितलं तर खोक्यांवर बोटभर धूळ. ते तिने टिपणात लिहिलं, तेव्हा धूळ या शब्दावर सगळे पोट धरून हसले होते. ती बाहेर आली आणि पाणी प्यायली होती.

“दीड वर्षात बुडाली ती कंपनी,” साहेब म्हणाले. “आपण नव्हतो त्यात.”

तिने डायरी हातात घेतली. पानं उलटत गेली. एकसष्ट टिपणं. त्यातल्या अकरा ठिकाणी तीच ओळ होती: कारण, उलट टिपण, मुद्दा एक, मुद्दा तीन, मुद्दा दोन. अकरा वेळा मोठ्या माणसांनी तिचं ऐकलं होतं, आणि ती दाराबाहेर पाणी पीत उभी होती. प्रस्ताव बारगळलेत हे तिला तेव्हाही कळायचं. तिला वाटायचं, साहेबांचा मूड नसेल.

“सर, एकदाही सांगितलं नाहीत तुम्ही.” तिचा आवाज फुटला. तिला ते आवडलं नाही, पण फुटला.

“पण सांगितलं असतं, तर पुढची टिपणं तू खरी लिहिली नसतीस. आम्हाला पटतील अशी लिहिली असतीस.” साहेबांनी पेन्सिल कानामागे खोचली. “हसण्याचं मात्र चुकलंच. ते मी थांबवायला हवं होतं.”

तिला रडू येत होतं, आणि हसूही. अडीच वर्षं उराशी धरलेला अपमान असा एकदम हातातून काढून घेतला तर माणसाने करायचं तरी काय? काकूंनी निवलेला चहा उचलून नेला आणि दुसरा आणला, हे एक बरं झालं.

“पण हेही बघ,” साहेबांनी तिसरी डायरी उघडली. पाण्याचे मीटर बनवणारी कंपनी. कारण: उलट टिपण, मुद्दा एक. तिने लिहिलं होतं, या कंपनीचं एकच मोठं गिऱ्हाईक आहे, ते गेलं की सगळं संपलं. “ते गिऱ्हाईक गेलं नाही. उलट आणखी सहा आली. आज ती कंपनी तिप्पट झालीय. तुझ्यामुळे आपण ती सोडली.”

तिचा चेहरा उतरला.

“पण तेही लिही,” साहेब म्हणाले. “दहा बरोबर लिहिलीस तर अकरावी चूक लिही. नाहीतर मी बोट ठेवणार नाही.”

तिने जेवणाच्या टेबलावर बसून उत्तर लिहिलं. मोठे शब्द सगळे काढून टाकले. “गुंतवणुकीच्या प्रत्येक प्रस्तावाविरुद्धचा युक्तिवाद तयार करणे व समितीपुढे वाचणे. एकूण एकसष्ट. त्यांपैकी अकरा वेळा समितीने निर्णय बदलला. त्यांपैकी एका वेळी माझे म्हणणे चुकीचे ठरले.” मग तास मोजले. एका टिपणाला जवळजवळ पंधरवडाभर रोजचे तीन तास, म्हणजे तीस. एकसष्ट गुणिले तीस, अठराशे तीस. तिने दोनदा गुणून बघितलं. हवे होते अठराशे. अख्ख्या अडीच वर्षांत फक्त एक टिपण जास्तीचं निघालं होतं.

“पण तीस तर तीस,” साहेब म्हणाले. “पुरतात.”

काकूंच्या फोनवरून जुना अर्ज मागे घेतला, नवा भरला, नवी लिंक आली. पासवर्ड काकूंना पाठ होता. साहेबांना फक्त तो कुणाला सांगू नये एवढंच पाठ होतं. साहेबांनी सगळा मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला, एक स्वल्पविराम काढायला लावला, आणि मग आयुष्यातला मोठा धोका पत्करल्यासारखं बोट ठेवलं.

सोमवारी सनदवाल्याने नवा अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला. “चूक कुणी स्वतःहून लिहितं का ताई? हे हात दाखवून अवलक्षण आहे. अजून वेळ आहे, कळवा त्यांना, काढून टाका ते वाक्य.”

तिने नाही काढलं. मात्र त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. घरी डाळ दोनदा करपली. नवऱ्याने विचारलं, “ते वाक्य नको होतं का?” तर ती त्याच्यावरच खेकसली, आणि मग पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाली, “नको होतं की काय, तेच कळत नाही.” सत्तावीस तारीख झाली, अठ्ठावीस झाली. सासूबाईंनी सुनेला काही विचारायचं नाही असं ठरवलं, आणि तसं ठरवलंय हे दिवसातून चारदा सांगितलं.

एकोणतीसला मंगळवार होता. त्या दिवशी तिने रजाच टाकली होती. ऑफिसात वरिष्ठ बाईंच्या समोर येण्याचं धैर्य नव्हतं. दुपारी ती नवऱ्याच्या कामाच्या खोलीबाहेर, गॅलरीत कपडे वाळत घालत होती. फोन वाजला म्हणून तिने ओल्या हातानेच बघितलं. दोन ओळींचा मेल होता. आपला अनुभव मान्य करण्यात आला आहे. सनद आजपासून लागू.

चुकीच्या वाक्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

तिने मेल तीनदा वाचला. मग हातातलं पिळलेलं उशीचं कव्हर तसंच घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “झालं.” नवऱ्याच्या हातातून वरच्या दातांचा साचा सुटला आणि फुटला. त्याने फुटलेल्या साच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि खो खो हसत सुटला. सासूबाई आतून पळत आल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्या अशा पळाल्या नव्हत्या.

“कळलं ना एकदाचं त्यांना, किती जण जेवले ते?” त्यांनी विचारलं.

“कळलं, आई.”

“मग आता तरी नीट जेव. आठ दिवस करपलेलं खातोय आम्ही.”

तिचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याचा आवाजही तिला ऐकू आला असेल. वरिष्ठ बाईंना तिने मेल पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: उद्यापासून नव्या टेबलावर बसा. मग पुन्हा गॅलरीत जाऊन तिने साहेबांना फोन लावला. फोन काकूंनी उचलला आणि न विचारताच साहेबांच्या हातात दिला.

“सर, मिळाली.”

“पण ते मीटरवालं वाक्य होतं ना त्यात?”

“होतं, सर. जसंच्या तसं.”

“पण...” साहेब म्हणाले, आणि पुढे काहीच आलं नाही. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मागून काकूंचा आवाज आला, “चष्मा पुसतायत गं. मघापासून तेच चाललंय.”

“आज मंगळवार ना?” साहेबांनी शेवटी विचारलं.

“हो, सर.”

“बाहेर उभी आहेस?”

“गॅलरीत आहे.”

“आता आत बस,” साहेब म्हणाले.

आत कुणाची सभा नव्हती. फुटलेल्या साच्याचे तुकडे होते, मेणाचा वास होता, आणि कवळ्यांची एक ओळ खिडकीत वाळत होती. ती फोन कानाला तसाच धरून आत आली आणि नवऱ्याने पुढे सरकवलेल्या स्टुलावर बसली.